सुनंदाबाईंचा समुद्र

दुधात पाणी घालून सुनंदाबाईंसमोर उभं राहण्याची हिंमत जळगावात फार थोड्यांना होती. दूध केंद्रावर त्या तपासनीस होत्या. दाटपणा मोजायची काचेची नळी दुधात सोडायची, ती किती वर तरंगते ते बघायचं आणि माणसाच्या तोंडावर सांगायचं, दूध परत न्या. आवाज चढवायचा नाही, आणि समोर पुढारी असो की पुढाऱ्याचा पुतण्या, निकाल फिरवायचा नाही. चुकार गवळी त्यांची पाळी संपेपर्यंत कोपऱ्यावरच्या टपरीत चहा पीत बसायचे, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी त्यांची शेजारीण. आमची पिठाची गिरणी त्यांच्या घराला लागून, त्यामुळे त्यांच्या घरातलं मला कळलं नाही असं फारसं काही नसायचं. मी कुणाचं कौतुक सहसा करत नाही. गिरणीत बसून माणसांच्या पिशव्या आणि स्वभाव दोन्ही बघितले, की कौतुकाची हौस आपोआप फिटते. पण या बाईनं त्या साली जे केलं ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. ब्याण्णव-त्र्याण्णवचा सुमार असेल.

तिचे सासरे नथ्थूआबा सावद्याचे. सगळं आयुष्य केळीच्या बागेत गेलेलं. अर्धांगाचा झटका आला, उजवा हात आणि पाय गेला, वाचा गेली. मुलगा बन्सीलाल पाटबंधारे खात्यात कारकून. त्यानं वडलांना जळगावला आणलं. आबांबरोबर सावद्याहून एक खाट आली आणि त्यांचा तांब्याचा हंडा, वर झाकायला तांब्याचाच लोटा. आबा त्या हंड्यातलंच पाणी प्यायचे. स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं की तोंड फिरवायचे. सुनंदाबाई रोज सकाळी तो हंडा चिंच लावून लखलखीत घासायच्या, नळाचं पाणी भरायच्या आणि आबांच्या खाटेजवळ तिवईवर ठेवायच्या. सुनेनं सासऱ्याचं किती करावं याला आमच्या गल्लीत तो हंडा माप होता.

हळूहळू पायात थोडा जीव आला, आबा काठी धरून मोरीपर्यंत जाऊ लागले. पण वाचा आली नाही. खरं तर डॉक्टर म्हणायचे, वाचा येईल, माणसाला बोलावंसं वाटलं पाहिजे. आबांना तेच वाटत नव्हतं. भिंतीकडे तोंड करून दिवसभर बसायचे. बन्सीलालनं रेडिओ आणला, सावद्याची माणसं भेटायला आणली, काही उपयोग नाही. सुनंदाबाईंनी काचेच्या टाकीत रंगीत मासे आणून ठेवले. आबांनी एकदा पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडे वळले. मला त्यांचं पटलं. ते मासे लग्नातल्या करवल्यांसारखे नुसते इकडून तिकडे पळत होते.

मग केंद्रानं सुनंदाबाईंना प्रशिक्षणाला मुंबईला धाडलं. तिथे एका दुकानात त्यांनी खाऱ्या पाण्याची टाकी पाहिली आणि टाकीत जिवंत प्रवाळ पाहिलं. आमच्याकडे पोवळं म्हणजे अंगठीतला लाल खडा. हे तसलं नव्हतं. हे होतं मऊ, वितीएवढं, खाली देठ आणि वर छत्रीसारखा घेर, आणि दिवा लागला की त्या घेरातून बारीक बारीक बोटं बाहेर येऊन हलायची. दिवा गेला की मिटायचं. दुकानदार म्हणाला, हे झाड नाही बाई, हा प्राणी आहे. सुनंदाबाईंना त्याच्याशी घेणं नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की हे सकाळी उघडतं. ज्या माणसानं जन्मभर सुरळीतून केळीचं पान उघडताना पाहिलं, तो याच्याकडे पाठ फिरवणार नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं. आणि एकदा मनानं घेतलं की ती बाई म्हणजे ब्रेक नसलेला ट्रक.

ट्रकही मिळाला. धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचा धनसिंग केळी भरून सौराष्ट्रात जायचा. येताना गाडी रिकामी. सुनंदाबाईंनी त्याला प्लॅस्टिकचे धुतलेले कॅन दिले आणि बंदरापासून लांब, नितळ जागी समुद्राचं पाणी भरायला सांगितलं. जळगावात माणसं प्यायच्या पाण्यासाठी नळापाशी हंडे घेऊन उभी, आणि हिच्या दारात ट्रकमधून खारं पाणी उतरतंय. गल्लीला महिनाभर विषय पुरला. धनसिंग मात्र रंगात आला होता. कॅन उतरवताना दर वेळी विचारायचा, "वहिनी, तुमना समुद्र कसा शे?"

समुद्राचा खारेपणा मोजायला दुकानदारानं एक काचेची नळी दिली होती, ती रेल्वेतच फुटली. बाई अडल्या नाहीत. दुधाचीच नळी खाऱ्या पाण्यात सोडली. समुद्र निघाला थोडं पाणी घातलेल्या गाईच्या दुधाएवढा दाट. म्हणजे केंद्रावर आला असता तर परत गेला असता, असं बन्सीलाल म्हणाला. तो तसा गरीब माणूस, पण अधूनमधून बरं बोलायचा.

टाकी महिनाभर चालवून पाणी मुरल्यावर प्रवाळ आलं. शंखात राहणारा एक छोटा खेकडाही आला. टाकी आबांच्या खाटेसमोर, वर ट्यूबलाइट. पहिले काही दिवस ते मिटूनच राहिलं. मग एके दिवशी सकाळी मी डाळीचं पीठ द्यायला गेले असताना आबा खाटेवर ताठ बसलेले दिसले. सुनंदाबाई पोळ्या लाटत होत्या. आणि आबांचा आवाज आला, घोगरा, जड, पण शब्द स्पष्ट.

"उघडलं."

सुनंदाबाईंनी लाटणं खाली ठेवलं नाही. पोळी पूर्ण लाटली, तव्यावर टाकली आणि मग पदर डोळ्यांना लावला. मी तर सरळ रडलेच.

त्यानंतर आबांना कामही मिळालं. टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, म्हणून रोज वरून गोडं पाणी घालावं लागतं. नळाचं ताजं पाणी चालत नाही, त्यात औषध असतं. रात्रभर ठेवलेलं हवं. घरात रात्रभर ठेवलेलं पाणी म्हणजे आबांचा हंडा. सुनंदाबाईंनी काचेवर लाल रेघ ओढली आणि आबांना सांगितलं, रेघेपर्यंत पाणी भरायचं, ते तुमच्याकडे. डॉक्टर म्हणालेच होते, उजव्या हाताला काम द्या. आबा लोटा उजव्या हातात धरायचे, डावा हात खाली आधाराला. अर्धं पाणी टाकीत, अर्धं जमिनीवर. पण रोज थोडं कमी सांडायचं. आणि पाणी घालताना त्या प्रवाळाशी बोलायचे, सावद्याच्या बोलीत, एक एक शब्द जुळवत. लेकाशी बोलले नसतील तेवढं त्याच्याशी बोलायचे. ते टिकलं तर आबा टिकतील, हे आता घरात सगळ्यांना कळलं होतं. कुणी बोलून दाखवत नव्हतं इतकंच.

फाल्गुनात ऊन तापायला लागलं आणि प्रवाळ बिघडलं.

आधी उशिरा उघडायला लागलं. मग अर्धंच. मग त्याच्या अंगावर चिकट साय धरली आणि घेर आक्रसला. त्याआधी खेकडा मेला होता, पण त्याचं कुणी मनावर घेतलं नव्हतं; खेकडाच तो. आबा सकाळी खाटेवरून वाकून वाकून बघायचे. दुपारी पुन्हा बघायचे. बोलणं कमी झालं. संध्याकाळी मी विचारलं, आबा, आज उघडलं का, की ते मान हलवायचे, शब्द नाही.

सुनंदाबाईंनी मुंबईच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, तीनच कारणं असतात, उष्णता, उजेड आणि मीठ. तुमच्या जळगावात तर उष्णताच. बाईंनी कंबर कसली. कूलर आबांच्या खाटेकडून वळवून टाकीच्या पाण्यावर लावला. आबांनीच हातानं तशी खूण केली. वीज गेली की ओलं पोतं काचेला गुंडाळायचं आणि पाण्यावर हातपंख्यानं वारा घालायचा. कधी त्या घालायच्या, कधी बन्सीलाल, कधी मी. जळगावच्या उन्हात स्वतःला वारा घ्यायचं सोडून पाण्याला वारा घालणारी आम्ही तिघंच असू. पण केंद्रावरचा थर्मामीटर लावून बघितलं तर पाणी खरंच थंड राहिलं होतं, दुकानदारानं सांगितलं होतं तेवढं. कूलरच्या वाऱ्यानं पाणी मात्र भराभर उडायचं. आबा लोट्यावर लोटे घालायचे. प्रवाळ आणखी मिटलं.

मग उजेड. ट्यूबलाइट बदलली, खाली घेतली, वर घेतली. टाकीला खिडकीचं ऊन लागत होतं तिथे पडदा शिवला. मग मीठ. दुधाची नळी रोज सोडायची. खूण जागच्या जागी. तिन्ही कारणं संपली आणि दुखणं तसंच. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

गल्लीतल्या बायकांनी दृष्ट लागली म्हणून लिंबू-मिरची सुचवली. मीही एकदा म्हटलं, बाई, जळगाव आहे हे, इथे समुद्र नांदायचा नाही, पुढची उस्तवार सोड. बन्सीलालचं म्हणणं वेगळं होतं. वडलांच्या डोळ्यांसमोर ते मरण्याआधी टाकी गुपचूप उचलावी आणि दुकानदारानं परत मागितली असं सांगावं. सुनंदाबाईंनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तो ऑफिसला डबा न घेताच गेला. मला म्हणाल्या, जिवंत आहे तोवर मी उचलणार नाही, अक्का. कारण असल्याशिवाय काही बिघडत नाही. मला ते सापडलेलं नाही एवढंच.

तेवढ्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. आमच्या खानदेशात आखाजीला नवी मातीची घागर भरून पितरांसाठी ठेवतात, वर डांगर म्हणजे खरबूज, शिवाय पुरणपोळी, आमरस. आणि आबांच्या घरची रीत अशी की पितरांनी नव्या घागरीचं पाणी घेतल्याशिवाय घरात माठ बसवायचा नाही. ऊन कितीही तापो, चैत्र संपेपर्यंत तांब्याचा हंडा. आखाजी झाली की हंडा घासून पुसून माळ्यावर, आणि पहिला पाऊस होईपर्यंत माठ. लोट्याचीही सुट्टी, माठातलं पाणी मातीच्या बोळक्यानंच काढायचं. आबांना बोलता येत नव्हतं तेव्हाही त्यांनी हाताच्या खुणांनी ही रीत पाळून घेतली होती.

त्याच आठवड्यात धनसिंग पाण्याचे कॅन घेऊन आला. सुनंदाबाईंनी टाकीतलं निम्म्याहून जास्त पाणी बदललं. आणि काय सांगू, मे महिन्याच्या त्या भट्टीत, रस्त्यावर कुत्रं फिरकत नव्हतं तेव्हा, त्या प्रवाळानं अंगावरची साय टाकली. हळूहळू घेर पसरला. बोटं बाहेर आली. आबा पुन्हा बोलायला लागले, मोठमोठ्यानं. धनसिंगला घरात बोलावून पुरणपोळी खाऊ घातली. तोही दांडगा खूश. त्याला वाटलं, आपणच वैद्य.

सगळे निवांत झाले, बाई सोडून. पीठ न्यायला आल्या तेव्हा गिरणीच्या पट्ट्याकडे बघत उभ्या राहिल्या. मी विचारलं, आता काय झालं. म्हणाल्या, सगळ्यात जास्त ऊन आत्ता आहे. दुखणं उन्हाचं असतं तर ते आत्ता मेलं पाहिजे होतं. मग ते का उघडलं? मी म्हटलं, बाई, बरं झालेल्याला का झालास म्हणून विचारू नये. त्यांना ते पटल्याचं दिसलं नाही.

पाऊस पडला. माठ उचलून ठेवला, हंडा माळ्यावरून खाली आला, चिंचेनं लख्ख झाला आणि तिवईवर बसला. आषाढ लागेपर्यंत प्रवाळ पुन्हा मिटलं. हवा गार, कूलर बंद, मीठ बरोबर. धनसिंगचं ताजं पाणी पुन्हा आलं, पुन्हा बदललं, दोन दिवस बरं वाटलं आणि परत साय. या वेळी घेराच्या कडेचा एक तुकडा गळून खाली पडला. आबांनी तो पाहिला. त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि पाणी घालून झाल्यावर खाट त्यांनी स्वतःच्या हातानं थोडी भिंतीकडे वळवली.

सुनंदाबाईंनी तो गळलेला तुकडा टाकीतल्याच पाण्यात काचेच्या बरणीत ठेवला. फेकून द्यायची त्यांची तयारी नव्हती.

आता माझ्या कढीकडे येते. पावसाळ्यात नूर महंमद कल्हईवाला गल्लीत फिरकत नाही, त्याची भट्टी ओल्यात पेटत नाही. माझ्या पितळी पातेल्याची कल्हई पार उडालेली. माझ्या सुनेनं त्यातच ताक ठेवलं आणि संध्याकाळी त्याची कढी केली. आबा जेवत नाहीत म्हणून मी वाटीभर कढी घेऊन गेले. सुनंदाबाईंनी आधी स्वतः चाखली, आणि चमचा तोंडातच राहिला.

"कढी कळकलीय, अक्का."

मला राग आला. आपुलकीनं आणलेली कढी, आणि ही बाई दुधासारखी माझी कढीही परत करते. मी म्हटलं, कल्हई नाही त्याला मी काय करू, नूर महंमदला सांग. पण त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. हंड्याकडे बघत होत्या. तिवईवर तो हंडा असा चमकत होता, की त्यात तोंड बघून घ्यावं.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि सांगताना स्वतःच्या मनाशीही जुळवत होत्या. आंबट लागलं की तांबं-पितळ पदार्थात उतरतं, हे घरोघरी ठाऊक आहे. आपण रोज चिंच लावून हंड्याचं तांबं उघडं पाडतो आणि मग रात्रभर पाणी ठेवतो. कणभर तांबं पाण्यात उतरणारच. माणूस ते पाणी पितो आणि बाजूला होतो, त्याला ते मानवतं. पण प्रवाळ त्या पाण्यातच राहतं. आणि टाकीतलं पाणी उडून जातं, तांबं उडत नाही. बासुंदी आटते तेव्हा साखर कुठे जाते का? जितका कूलर लावला तितकं पाणी उडालं, जितकं उडालं तितकं आबांनी घातलं. आखाजीला हंडा माळ्यावर गेला तेव्हा ते उघडलं. हंडा खाली आला तेव्हा मिटलं. ताज्या समुद्रानं दोन दिवस बरं वाटायचं, कारण तांबं पातळ व्हायचं. खेकडा आधी गेला तोही त्यानंच.

मला निम्मं कळलं, पण हंडा आणि माळा तेवढं पक्कं कळलं. तरी बाई निकाल देईनात. म्हणाल्या, तपासल्याशिवाय नाही. तो गळलेला तुकडा धनसिंगच्या ताज्या पाण्यात घातला, वरून भर घालायला माझ्या घरच्या माठातलं पाणी. बाकी काही केलं नाही. चार दिवसांत त्या बोटभर तुकड्यानं बारीक बोटं बाहेर काढली. टाकीतलं मोठं प्रवाळ मात्र मिटलेलं.

आता प्रश्न राहिला आबांचा.

बन्सीलाल म्हणाला, हंडा गळतोय असं सांगू आणि उचलू, त्यांना कळूच द्यायचं नाही. आयुष्यभर दुसऱ्याचं वाईट न केलेला माणूस. तुमच्याच हातानं ते मरत होतं, हे त्यांना कसं सांगायचं? मी शंभर टक्के त्याच्या बाजूनं होते. मी तर हंड्याला खिळ्यानं भोक पाडायलाही तयार होते. सुनंदाबाई म्हणाल्या, मी रोज लोकांच्या तोंडावर खरं सांगते आणि घरात खोटं बोलू? हंडा गळला तर ते दुसरा हंडा मागतील. आणि एक दिवस त्यांना कळेलच. मग ते माझ्यावर कधी विश्वास ठेवतील?

त्या आबांसमोर जमिनीवर बसल्या. बरणीतला तुकडा समोर ठेवला आणि सगळं सांगितलं, काही मागे न ठेवता. शेवटी म्हणाल्या, "आबा, हंडा घासत होते मी, भरत होते मी, आणि पाणी घालायला तुम्हाला सांगितलंही मीच. चूक माझी आहे. पण हे हंड्याच्या पाण्यानंच झालंय, आणि ते आता थांबवायचं."

उजवा हात मांडीवर होता तो तसाच पडून राहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाणी घातलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. खाट पार भिंतीला लागली. सुनंदाबाईंनी टाकीतली वाळू काढून धुतली, पाणी बदललं, रेघेपर्यंत भरलं, सगळं एकटीनं. मी त्यांच्यावर इतकी चिडले होते की त्यांचं दळण मी नोकराकडून पाठवलं. काय मिळवलंस खरं बोलून, असं मी त्यांना दारातच विचारलं. त्या म्हणाल्या, अजून काही मिळालं नाही. वाट बघते.

चौथ्या की पाचव्या दिवशी, नक्की आठवत नाही, आबांनी काठी आपटली. आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो, धावलो. ते खाटेवर सुनेकडे तोंड करून बसले होते. बोलायला वेळ लागत होता, पण घाई नव्हती.

"सावद्याले पयल्या वर्साले मी केयीच्या बुडाशी खताचा ढीग घातला. मायेनं घातला, पोरी. सारा बाग पिवया पडला." थांबले, श्वास घेतला. "मंग काय बाग सोडून देल्ला का मी?"

सुनंदाबाई म्हणाल्या, नाही.

"मंग मले काऊन बसवून ठेवलं? भांडं दे."

भांडं कुठून द्यायचं? लोटा तांब्याचा, आणि घरातलं बोळकं माठ उचलताना तडकलेलं. पावसाळ्यात कुंभाराचं चाक बंद, मातीचं भांडं मागायचं कुणाकडे. मी घरी गेले. आमच्या आखाजीच्या घागरीवर ठेवलेलं छोटं बोळकं देव्हाऱ्यापाशी होतं, पितरांचं. ते उचललं. सासूबाई असत्या तर हातावर मारलं असतं. मी मनात म्हटलं, पितरांची समजूत मी पुढच्या आखाजीला घालीन, आणि आणून दिलं. त्यांच्या रीतीनं त्यांचा माठ आता पुढच्या आखाजीलाच बसणार, म्हणून पाण्यासाठी माझ्या घरचा माठही उचलून त्यांच्याकडे ठेवला.

आबांनी बोळकं उजव्या हातात धरलं. मातीचं बोळकं घसरतं, तांब्याच्या लोट्यासारखा त्याला धरायला बाहेर वळलेला काठ नाही. पहिल्या खेपेला सगळं पाणी सदऱ्यावर. मी पुढे झाले तर सुनंदाबाईंनी माझं मनगट धरलं. स्वतःचा दुसरा हात त्यांनी पाठीमागे घेतला होता, आणि तो घट्ट मिटलेला होता हे मला दिसलं. दुसऱ्या खेपेला थोडं टाकीत गेलं. आबांनी विसावा घेतला आणि पुन्हा वाकले.

प्रवाळ लगेच काही उघडलं नाही. साय गेली, पण घेर लहानच. आबा रोज पाणी घालायचे आणि एक शब्द बोलायचे नाहीत. स्वतः मात्र पाणी हंड्यातलंच प्यायचे. सवय ती सवय. धनसिंग श्रावणाच्या तोंडाशी पाणी देऊन गेला तेव्हाही त्यानं विचारलं, तुमना समुद्र कसा शे, आणि सुनंदाबाईंनी सांगितलं, चालू आहे काम.

श्रावणातल्या एका सकाळी मी माझा माठ धुवायला न्यायला गेले होते. सुनंदाबाई केंद्रावर जायला निघालेल्या, एका पायात चप्पल. आबा टाकीपाशी वाकलेले, हातात बोळकं. त्यांनी मान वळवली नाही.

"उघडलं," ते म्हणाले. मग सुनेचं नाव घेऊन, "सुनंदा, तू मले सांगितलं नसतं तं मी त्याले रोज मारतच राह्यलो असतो. मायेनं."

दुधाचे निकाल देताना जिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही, ती बाई तिथेच उंबऱ्यावर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मी त्यांची दुसरी चप्पल पायाजवळ सरकवली. आबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा टाकीकडे वळले. पाणी अजून रेघेपर्यंत आलं नव्हतं. त्यांनी बोळकं माठात बुडवलं.